व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उत्तर देण्याआधी किंवा फॉरवर्ड करण्याआधी कसं थांबावं?

सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर वाद पेटला की उत्तर दोन सेकंदांत टाइप होतं आणि ते निस्तरायला महिने जातात. अशा वेळी थोडं बाजूला होऊन, राग ओसरल्यावर काय लिहायचं ते ठरवता येतं. त्यासाठी ग्रुप सोडावा लागत नाही.

सोपा उपाय म्हणजे म्यूट. ग्रुप ८ तास, १ आठवडा किंवा कायमचा म्यूट करता येतो आणि ते इतरांना कळत नाही. रात्री भडकलेल्या वादाला ८ तास बहुधा पुरतात, कारण मध्ये एक झोप होते. अर्थात दर पाच मिनिटांनी ग्रुप उघडून पाहिला तर म्यूटचा काही उपयोग नाही.

मेसेज गेलाच असेल, तर २०२३ पासून तो १५ मिनिटांच्या आत बदलता येतो. डिलीटही करता येतो, पण डिलीट केल्याची खूण मागे राहते. ज्यांनी वाचला त्यांनी वाचलाच; स्क्रीनशॉट वेगळेच.

रागाइतकीच घाई भीतीही करायला लावते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना मारून टाकलं. त्या काळात असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर देशभर फिरत होते. ते पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण लोकांना सावधच करतोय असं वाटत असणार. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो.

हाही विरामच, फक्त अ‍ॅपने लादलेला. कॉपी-पेस्ट करून तो सहज चुकवता येतो. अनेकदा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो, पण त्यावरून मेसेज किती फिरला एवढंच कळतं, खरा की खोटा ते नाही. मेसेजमध्ये गाव, तारीख, पोलीस ठाण्याचं नाव आहे का ते आधी पाहावं. गावात खरोखर कुणाचा संशय आलाच, तर ग्रुपवर फोटो टाकण्याऐवजी ११२ वर फोन करावा.