वाकड्या शंखांवरचा आळ

उरणच्या कातळात अमोनाइट, म्हणजे समुद्रातल्या जुन्या कवचधारी प्राण्याचा शंख, सापडायचा नाही. द्रोणागिरीपासून घारापुरीच्या लेण्यांपर्यंतचा हा काळा पाषाण लाव्ह्याचा, जमिनीवर वाहून थिजलेला. त्यात समुद्रातले शंख कुठून येणार? तरीही अमोनाइटांचा शेवट दख्खनच्या या दगडाला वगळून सांगता येत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ते नामशेष झाले, तेव्हा दख्खनचे उद्रेक चालूच होते. पण मरण्याआधीच हे प्राणी खंगले होते, असा एक जुना आळ त्यांच्यावर आहे. क्रिटेशस या त्यांच्या अखेरच्या काळात त्यांच्यातल्या अनेकांच्या कवचांचे वेटोळे सुटले. काही काठीसारखी सरळ, काही आकड्यासारखी वाकडी झाली. प्राण्यांच्या कुळालाही म्हातारपण येते, असे मानणाऱ्या अल्फियस हायटसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना ही ऱ्हासाची खूण वाटली. मग लाव्हा काय, उल्का काय, नुसते निमित्त!

हा आळ पुराव्यापुढे टिकत नाही. मुळात तो इतका पटतो, कारण घाटदार वेटोळे हेच अमोनाइटाचे खरे रूप, अशी आपली समजूत. तुळशीच्या लग्नातला गंडकीचा शाळिग्राम हाही बहुधा अमोनाइटच, आणि तोही वेटोळ्याचाच. पण सुट्या वेटोळ्याची कवचे २० कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिकच्या अखेरीसही होती, आणि त्यानंतर अमोनाइट आणखी १३ कोटी वर्षे नांदले. एवढे लांबलेले म्हातारपण कोणाला येते? त्याहून मोठा पुरावा योस्ट वीडमान यांनी १९६०च्या दशकात पुढे ठेवला: क्रिटेशसमधल्या सुट्या कवचांच्या काही कुळांतून पुन्हा नीट वेटोळ्याचे अमोनाइट उपजले. ऱ्हासाची वाट अशी मागे वळत नाही. जपानमध्ये १९०४ साली हिसाकात्सु याबे यांनी निप्पोनाइटिस नावाचा, दोऱ्याच्या गुंत्यासारखा शंख नोंदवला, तेव्हा ती एखाद्या रोगट जिवाची विकृती असावी अशी शंका होती. पुढे तसेच नमुने मिळत गेले आणि ताकाशी ओकामोतो यांनी १९८०च्या दशकात संगणकावर दाखवले, की तो गुंता वाढीच्या ठरावीक नियमानेच वळतो. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या खडकांतला सरळ कवचाचा युबॅक्युलाइटिस तर क्रिटेशसच्या अगदी शेवटच्या टप्प्यातला. खंगलेल्या कुळाला एवढा पसारा झेपला असता का?

मग ते मेले कशाने, असा आक्षेप येईलच. त्याचे उत्तर आकारात नसून अन्नात असावे. २०११ साली सरळ कवचाच्या बॅक्युलाइटिस या अमोनाइटाच्या जबड्यात बारीक प्लवकजीवांचे अवशेष दिसले; अमोनाइटांची पिल्लेही इवलीशी, पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारी. मेक्सिकोतल्या चिक्शुलूबच्या उल्केच्या आघाताने या वरच्या थरातलीच अन्नसाखळी तुटली. त्यांच्याच नात्यातला, मोठ्या अंड्यांचा नॉटिलस वाचला. अमोनाइट मात्र सरळ, वाकडे, वेटोळ्याचे सगळेच गेले. उलट डेन्मार्कच्या स्टेव्हन्सच्या कड्यात आघातानंतरच्या थरातही थोडा काळ टिकलेले जे अमोनाइट मिळाल्याचा दावा आहे, ते बॅक्युलाइटिस आणि स्कॅफाइट, म्हणजे वेटोळे मोडलेल्यांपैकीच. दख्खनच्या लाव्ह्याने हवा-पाणी आधीच बिघडवले असेल, हे मान्य. पण घारापुरीतल्या लाव्ह्याची आणि त्याला छेदणाऱ्या दगडी भित्तींची (डाइकची) वये सुमारे ५० लाख वर्षांत पसरलेली आहेत. त्यातल्या एखाद्या थरावर बोट ठेवून अमोनाइट यानेच मारले, असे उरणमध्ये उभे राहून म्हणता येत नाही.