हाँगकाँगची पक्षी-शर्यत आणि माई पोची पाणथळ

हाँगकाँग म्हटले की गगनचुंबी इमारती आणि गजबजलेले बंदर डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु सुमारे १,१०० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात पक्ष्यांच्या ५०० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्याच्या वायव्य टोकास असलेली माई पोची पाणथळ हे सैबेरिया ते ऑस्ट्रेलिया असा प्रवास करणाऱ्या पक्ष्यांचे विश्रांतिस्थान होय.

ही पाणथळ बव्हंशी मनुष्यनिर्मित आहे. १९४० च्या दशकात चीनमधून आलेल्या लोकांनी बांध घालून येथे कोळंबीची तळी तयार केली. त्यांना ‘गे वाई’ म्हणतात. भरतीबरोबर कोळंबीची पिल्ले आत येत, तिवरांच्या कुजलेल्या पाल्यावर वाढत आणि पाणी सोडताना जाळ्यात पकडली जात. हिवाळ्यात तळी उपसल्यावर उरणाऱ्या मासळीवर पक्ष्यांचा निर्वाह होई. पुढे हा व्यवसाय परवडेनासा झाला. बांध राखणारे हातच नाहीसे झाले, तर तळी गाळाने बुजून पक्ष्यांचा आसरा नष्ट होणार, हे उघड होते.

१९८३ साली डब्ल्यू.डब्ल्यू.एफ. या संस्थेच्या हाँगकाँग शाखेने माई पोचे व्यवस्थापन स्वीकारले. त्यासाठी निधी उभारण्याच्या हेतूने १९८४ साली ‘बिग बर्ड रेस’ सुरू झाली. ठरलेल्या मुदतीत अधिकाधिक जातींचे पक्षी ओळखायचे, अशी ही संघांची स्पर्धा. संघांच्या पाठीराख्यांनी दिलेल्या देणग्या पाणथळीच्या कामी येऊ लागल्या. पक्षी पकडायचा नाही, केवळ पाहून वा ऐकून नोंदवायचा. त्यामुळे स्पर्धकाच्या सचोटीवरच सारा डोलारा उभा असतो.

बांधांची डागडुजी, गाळ काढणे आणि हिवाळ्यात एकेका तळ्याचे पाणी उतरवून पक्ष्यांना खाद्य मोकळे करणे, ही कामे अखंड चालावी लागतात. १९९५ साली माई पो आणि लगतच्या खाडीस रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला.

येथे हिवाळ्यात येणाऱ्या काळ्या तोंडाच्या चमचा पक्ष्याची जगातील ज्ञात संख्या १९९० च्या सुमारास तीनशेहूनही कमी होती. अलीकडच्या गणनांत ती सहा हजारांपलीकडे गेली आहे. याचे श्रेय पूर्व आशियातील अनेक देशांच्या प्रयत्नांना आहे. तथापि त्या पक्ष्यांसाठी माई पोचे पाणी वेळेवर चढवणारे आणि उतरवणारे हात टिकून राहिले, यात या शर्यतीचाही वाटा आहे.