रायझिंग स्टॉर्म २ : व्हिएतनाम

व्हिएतनाम युद्धावर बेतलेला, तुकड्या करून ऑनलाइन खेळायचा संगणकीय युद्धखेळ. ब्रिटनमधील अँटीमॅटर गेम्स आणि अमेरिकेतील ट्रिपवायर इंटरॅक्टिव्ह या कंपन्यांनी तो तयार केला. विंडोज संगणकांसाठी तो ३० मे २०१७ रोजी बाजारात आला. एका सामन्यात ६४ जण खेळू शकतात. एका बाजूला अमेरिकी सैन्य आणि त्याचे मित्र असतात. दुसऱ्या बाजूला उत्तर व्हिएतनामचे नियमित सैन्य किंवा दक्षिणेतल्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे, म्हणजे व्हिएतकाँगचे, लढवय्ये असतात. दक्षिण व्हिएतनाम आणि ऑस्ट्रेलिया यांची सैन्ये पुढच्या अद्ययावत आवृत्त्यांत आली. खेळाला कथानक नाही. सामन्यात जे घडते ते खेळाडूंनी घडवलेले असते, म्हणून त्याच्याविषयीचे बोलणे बहुतेक वेळा सोबत खेळणाऱ्यांविषयीचे असते.

या खेळाचे घराणे हौशी मंडळींनी उभे केलेले आहे. ‘अनरिअल टूर्नामेंट २००४’ या खेळावर काहीजणांनी ‘रेड ऑर्केस्ट्रा’ नावाचा बदल, म्हणजे मॉड, रचला आणि त्यातून ट्रिपवायर उभी राहिली. २०११ मध्ये स्टालिनग्राडवरचा ‘रेड ऑर्केस्ट्रा २’ आला आणि २०१३ मध्ये प्रशांत महासागरातल्या लढायांवरचा ‘रायझिंग स्टॉर्म’. अमेरिकी आणि जपानी सैनिकांना मुद्दाम वेगवेगळी बळे देण्याचा प्रयोग त्यात झाला होता. रायझिंग स्टॉर्म २ मध्ये हा प्रयोग पूर्णत्वाला गेला.

खेळाची शिस्त कडक आहे. पडद्याच्या मधोमध नेमाची खूण नसते. बंदूक डोळ्याला लावून नेम धरावा लागतो. एक-दोन गोळ्यांत माणूस मरतो. मॅगझिनमध्ये नेमक्या किती गोळ्या उरल्या ते आकड्यात दिसत नाही. मॅगझिन काढून पाहिले, तर ते जड आहे की हलके एवढाच अंदाज मिळतो. भूमिका मोजक्या असतात : मशिनगनवाला, नेमबाज, सुरुंग-स्फोटकांचा जाणकार, रेडिओमन, तुकडीनायक आणि सर्वांच्या वर एक कमांडर. तोफांचा मारा हवा असेल तर तुकडीनायकाने दुर्बिणीतून जागा हेरून खूण करायची, कमांडरने रेडिओ गाठायचा आणि मग मारा मागवायचा. रेडिओ एका ठिकाणी ठेवलेला असतो किंवा रेडिओमनच्या पाठीवर. त्यामुळे कमांडरच्या मागे सावलीसारखे फिरणे हेच रेडिओमनचे काम. तो दिसेल तिकडे गोळ्या झाडत सुटला, की तोफा गप्प बसतात. ‘आमचा रेडिओमन कुठे आहे?’ ही तक्रार या खेळात जितकी ऐकू येते, तितकी दुसरी क्वचितच.

खेळाडूंत सर्वांत मोठा वाद जंगलावरून आहे. नवख्याचा अनुभव बहुधा असा असतो : तो धावत निघतो, समोर हिरवाई, कुठेतरी आवाज होतो आणि पडदा काळा. कोणी मारले, कुठून मारले, काही कळत नाही. असे पाच-सहा वेळा झाले की तो खेळ बंद करतो आणि ‘शत्रू दिसतच नाही’ असा शेरा लिहून मोकळा होतो. जुन्या खेळाडूंना नेमके हेच प्रिय आहे. त्यांच्या मते डोळ्यांवर विसंबणारा येथे टिकत नाही. गवताची हालचाल, बंदुकीचा आवाज, नळीच्या तोंडाशी दिसणारी क्षणभराची ठिणगी यांवरून अंदाज बांधायचा आणि त्या झुडपात गोळ्या उतरवायच्या. पाने गोळी अडवत नाहीत. मशिनगनवाल्याने कोणी दिसत नसतानाही रान झोडपत राहायचे असते. त्या माऱ्याखाली सापडलेल्याची नजर धूसर होते, हात थरथरतो आणि नेम लागत नाही. दोन्ही बाजूंचे वर्णन खरे आहे. फक्त नवख्याची तक्रार ज्या गोष्टीवर आहे ती खेळातली चूक नाही, ती खेळाची रचना आहे. ती काढून टाकली तर या खेळात उरण्यासारखे फार थोडे आहे.

दुसरा वाद दोन्ही बाजूंच्या असमानतेचा. अमेरिकी बाजूकडे हेलिकॉप्टरे, आग लावणारे नापाम बाँब, आकाशातून गोळ्यांचा पाऊस पाडणारे ‘स्पूकी’ विमान आणि भरपूर स्वयंचलित बंदुका. व्हिएतकाँगकडे बऱ्याच जणांच्या हाती जुन्या रायफली, वाटेत पेरायचे सापळे आणि भुयार. मेलेला अमेरिकी सैनिक आपल्या तुकडीनायकाजवळ पुन्हा उभा राहतो. त्यासाठी तुकडीनायक जिवंत हवा. म्हणून चांगला नायक मागे दबून राहतो. समोरच्या बाजूचा नायक झुडपाआड भुयाराचे तोंड खणतो आणि त्याची माणसे तिथून बाहेर पडतात. ते तोंड अमेरिकनांना सापडून उद्ध्वस्त झाले, की साऱ्या तुकडीला लांबून पायपीट करत यावे लागते. कू ची या मॅपवर, म्हणजे खेळातल्या रणभूमीवर, हे सर्वांत ठळक दिसते. सायगावजवळच्या त्या परिसरात खरोखर दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीची भुयारे होती आणि आज ती पर्यटकांना दाखवली जातात. खेळात अमेरिकी तुकडी एक मोक्याची जागा जिंकते, सुटकेचा श्वास सोडते आणि मागच्या झुडपातून पुन्हा गोळ्या सुरू होतात. अमेरिकी बाजूने खेळणारे याला अन्याय म्हणतात, तर व्हिएतनामी बाजूने खेळणारे नापामला अन्याय म्हणतात. सामन्यात बाजू बदलल्या, की तीच माणसे उलट बोलू लागतात. गनिमी काव्याचा खेळ करणाऱ्यांना मिळालेली याहून मोठी पावती मला दिसत नाही.

डोंगरांच्या मॅपवर चित्र पालटते. ‘हिल ९३७’ हा मॅप मे १९६९ मधल्या ‘हॅम्बर्गर हिल’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या लढाईवरचा. अमेरिकी १०१ व्या एअरबॉर्न डिव्हिजनने दहा दिवस झुंजून ती टेकडी घेतली आणि जूनमध्ये सोडूनही दिली. खेळात टेकडी चढणाऱ्यांना धुराच्या नळकांड्यांवाचून गती नाही. धूर न करता चढू पाहणाऱ्या बाजूची जी कत्तल होते, तिला खेळाडू मॅपचा दोष म्हणतात. तो बहुतेक वेळा तुकडीनायकांचा असतो.

हेलिकॉप्टरांबद्दल मात्र तक्रारी रास्त आहेत. ती उडवणे अवघड आहे आणि ते शिकायला सामन्याबाहेर धड सोय नाही. त्यामुळे नवखा वैमानिक पाठीमागे बसलेल्या सोबत्यांसकट झाडाला धडकतो. कसलेला वैमानिक ‘कोब्रा’ या हल्ल्याच्या हेलिकॉप्टरात बसला तर उलटी अडचण, समोरच्या बाजूला डोके वर काढता येत नाही. विमानविरोधी क्षेपणास्त्र मागवण्याची सोय आहे, पण ती एकट्या कमांडरच्या हाती. तो झोपलेला असला तर सगळी बाजू बसल्या जागी मार खाते.

आवाजाची वाहवा जवळजवळ एकमुखी आहे. जखमी सैनिक ओरडतात, रडतात, मदतीची याचना करतात. नापाम पडल्यानंतरच्या किंकाळ्या ऐकून अनेक खेळाडूंनी अस्वस्थ झाल्याचे लिहिले आहे. पराक्रमाची नशा चढावी अशा जागी खेळ मरणाची किंमत ऐकवतो, हा त्याचा फार मोठा गुण आहे.

तांत्रिक बाजू लंगडी आहे. हा खेळ ज्यावर उभा आहे ती अनरिअल इंजिनाची तिसरी पिढी २०१७ मध्येच जुनी झाली होती. चेहरे ताठर, हालचाली आखडलेल्या. बरा संगणक असूनही चित्र अडखळते ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. गप्पांच्या चौकटीतली शिवीगाळ आणि वांशिक टोमणे हा आणखी एक कलंक. त्याला खेळाडूच जबाबदार आहेत.

या खेळाच्या जंगलात सामान्य व्हिएतनामी माणूस नाही. गावे आहेत, झोपड्या आहेत, भातखाचरे आहेत. पण म्हातारी नाही, पोर नाही, नांगर धरणारा नाही. ज्या युद्धात सर्वाधिक होरपळ त्यांचीच झाली, त्या युद्धाच्या खेळातून ते वगळले गेले. ६४ जणांच्या चुरशीच्या सामन्यात निःशस्त्र माणसे आणली असती तर त्यांचे काय हाल झाले असते, हे उघड आहे. म्हणून निर्मात्यांना दोष देणे कठीण. तरी खेळाच्या वास्तवतेची स्तुती करताना ही पोकळी सांगितलीच पाहिजे. व्हिएतनामी माणसाला चेहरा देणारे खेळ आधी झाले होते. २००३ मधल्या चेक बनावटीच्या ‘व्हिएतकाँग’ या खेळात वाट दाखवणारा आणि सापळे हेरणारा सोबती न्हुत हा व्हिएतनामी होता. त्याच्यामागून पाऊल टाकत जाणे ही त्या खेळाची आजही आठवली जाणारी गोष्ट. खुद्द हनोईत तयार झालेला ‘७५५४’ हा २०११ मधला खेळ ७ मे १९५४ या दिएन बिएन फूच्या विजयदिनावरून नाव घेतो आणि फ्रेंचांविरुद्धची लढाई व्हिएतनामी सैनिकाच्या नजरेतून दाखवतो. रायझिंग स्टॉर्म २ ने व्हिएतनामी सैनिकाला बरोबरीचा प्रतिस्पर्धी केले, हे अमेरिकी-ब्रिटिश निर्मितीत दुर्मीळ होते.

ऑक्टोबर २०२० मध्ये एपिक गेम्स स्टोअरवर हा खेळ आठवडाभर फुकट वाटला गेला आणि नवख्यांची मोठी लाट आली. जुन्यांपैकी काहींनी त्यांना हाकलले, काहींनी हाताला धरून शिकवले. खेळाडूंनी स्वतः रचलेले मॅप आणि बदल, त्यांत प्लास्टिकच्या हिरव्या सैनिकांचा ‘ग्रीन आर्मी मेन’ हाही, खेळाचे आयुष्य वाढवत राहिले. अँटीमॅटर गेम्स २०२३ मध्ये बंद झाली. आता ज्याला हा खेळ शिकायचा असेल त्याने हेडफोन लावावे, साधा रायफलवाला व्हावे, माइकवर बोलणाऱ्या तुकडीनायकाच्या मागे राहावे आणि पहिल्या काही सामन्यांत हेलिकॉप्टरला हात लावू नये.