मोहिनी आणि राहू

मोहिनी आणि राहू : समुद्रमंथनाच्या पुराणकथेतील दोन पात्रे. मोहिनी हे विष्णूने अमृतवाटपासाठी घेतलेले स्त्रीरूप. राहू हा देवांच्या पंगतीत वेश पालटून बसलेला आणि अमृताचा घोट घशाखाली उतरण्याआधीच शिरच्छेद झालेला दानव. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी वसलेले नेवासे हेच या प्रसंगाचे ठिकाण, अशी स्थानिक श्रद्धा आहे. गावात मोहिनीराजाचे मंदिर असून राहुरी व कायगाव या गावांची नावे लोक राहूच्या शिराशी आणि धडाशी जोडतात. देव-दानवांच्या बहुतेक कथा दानवाच्या वधाने संपतात. ही कथा वधापासून पुढे चालू राहते, कारण राहूला मृत्यू आणि अमरत्व ही दोन्ही एकाच हातून मिळाली.

कथा : महाभारताच्या आदिपर्वात आणि भागवत पुराणाच्या आठव्या स्कंधात ही कथा येते. मंदर पर्वताची रवी व वासुकी नागाची दोरी करून देव आणि दानवांनी मिळून समुद्र घुसळला. धन्वंतरी अमृताचा कलश घेऊन वर आले, तेव्हा दानवांनी तो हिसकावून घेतला. विष्णूने मोहिनीचे रूप घेऊन तो परत मिळवला. महाभारतात हा भाग थोडक्यात उरकला आहे. भागवतकारांनी मात्र तो रंगवून सांगितला आहे. तेथे दानव स्वतःच मोहिनीला वाटणी करून देण्याची गळ घालतात. परक्या स्त्रीवर इतका विश्वास कसा टाकता, असे ती त्यांना उघड विचारते. ते हसण्यावारी नेतात. मग, मी बरे-वाईट जे करीन ते मान्य असेल तरच वाटते, अशी अट ती घालते आणि ते कलश तिच्या हाती देतात. दोन पंगती बसतात. अमृत देवांकडेच वाढले जात आहे हे दिसत असूनही दानव गप्प राहतात, कारण शब्द दिलेला असतो आणि तिच्याविषयी जडलेली ओढ मोडवत नाही.

एकट्या राहूला ही मोहिनी पडत नाही. तो देवाचा वेश करून सूर्य आणि चंद्र यांच्याजवळ जाऊन बसतो. मोहिनी त्यालाही वाढते. सूर्य-चंद्र त्याला ओळखून बोभाटा करतात आणि त्याच क्षणी सुदर्शन चक्र त्याचा गळा कापते. अमृत कंठापर्यंतच पोचलेले असते. त्यामुळे शिर अमर होते आणि धड जमिनीवर कोसळते. महाभारतातील वर्णनात ते पर्वतशिखराएवढे मस्तक गर्जना करीत आकाशात जाते आणि धडाच्या आघाताने पृथ्वी हादरते. शिराला पुढे ग्रहांत स्थान मिळाले. धडाला केतू मानण्याची कल्पना नंतरची आहे.

राहूची पूर्वपीठिका : सूर्याला झाकणारा शत्रू ही कल्पना मोहिनीच्या कथेहून जुनी आहे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने ग्रासतो आणि अत्री ऋषी सूर्य पुन्हा मिळवून देतात. पुराणांत राहू हा विप्रचित्ती आणि सिंहिका यांचा पुत्र आहे. म्हणून त्याला सैंहिकेय म्हणतात. अमरकोशात तम, स्वर्भानू आणि विधुंतुद, म्हणजे चंद्राला पीडा देणारा, ही त्याची आणखी नावे दिली आहेत.

संबंधाचे स्वरूप : या दोघांत प्रेमही नाही आणि समोरासमोरचे युद्धही नाही. त्यांना बांधणारी गोष्ट आहे वेशांतर. ती देव असून स्त्री झाली आहे, तो दानव असून देव झाला आहे. सगळी दानवसभा तिच्या रूपाकडे पाहत असता त्याचे लक्ष तिच्या हातातल्या पळीवर आहे. तिचा डाव ओळखून तो तिच्याच पद्धतीने उत्तर देतो. मोहिनीच्या सामर्थ्याची मर्यादा तिला आणि ऐकणाऱ्याला कळते ती राहूमुळेच.

न्यायाचा प्रश्नही याच जागी उभा राहतो. वासुकीच्या एका बाजूला दानव होते, घाम त्यांनीही गाळला होता आणि पंगतीत मात्र ते उपाशी राहिले. पुराणकथांकडे पराभूतांच्या बाजूने पाहण्याची दृष्टी महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात मराठी वाचकाला दिली. त्या दृष्टीने पाहिले, तर राहू हा चोर नसून कष्टाचा वाटा मागणारा ठरतो. भागवतकारांच्या मते मात्र कर्म सारखे असूनही फळ वेगळे मिळाले, कारण देवांनी हरीचा आश्रय केला होता. हे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवले, तरच या संबंधाची खोली कळते.

नेवाशाची स्थलपरंपरा : अमृतवाटप झाले ते क्षेत्र म्हणजे महालय, अर्थात नेवासे, असे परंपरा मानते. निधिवास या त्याच्या नावातला निधीही अनेकांच्या मते अमृताचाच. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ‘भावार्थदीपिका’ येथेच सांगितली. ग्रंथाच्या समारोपात त्यांनी या पंचक्रोशीच्या अधिष्ठात्या दैवताचा महालया या नावाने उल्लेख केला आहे. हे दैवत म्हणजेच मोहिनीराज, अशी नेवासकरांची धारणा आहे.

सध्याचे मोहिनीराज मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले असून ते होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधले. दगडी बांधणीच्या आणि कोरीव कामाच्या या मंदिरात विष्णू मोहिनीरूपात उभा आहे. मूर्तीवर साज स्त्रीचा, पण नाव घेताना भक्त ‘मोहिनीराज आला’, ‘मोहिनीराज पावला’ असे पुल्लिंगीच बोलतात. मोहिनी आणि राज हे दोन शब्द एका नावात जोडून गावाने जे सांगितले आहे, ते समजावून सांगायला पंडिताला पानभर मजकूर लागेल. अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असून माघ महिन्यात यात्रा भरते.

राहूच्या खुणा गावाबाहेर आहेत. शिर पडले ती मुळाकाठची राहुरी. काया पडली ते गोदावरीकाठचे कायगाव. नेवासे तालुक्यातील टोके येथे प्रवरा गोदावरीला मिळते आणि त्या प्रवरासंगमापलीकडे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कायगाव लागते. गावाच्या नावांची ही उकल लोकांची आहे, भाषाशास्त्राची नव्हे. तरीही तिचे मोल मोठे आहे. पंगत नेवाशाला, शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे, असा कथेचा नकाशा लोकांनी स्वतःच्या शिवारावर आखला आणि त्यात पराभूतालाही जागा दिली.

म्हाळसा : खंडोबाची पत्नी म्हाळसा ही नेवाशाच्या तिमशेट या लिंगायत वाण्याची मुलगी आणि तिचे लग्न पाली येथे पौष पौर्णिमेला लागले, असे खंडोबाच्या उपासनापरंपरेत सांगतात. ती पार्वतीचा अवतार मानली जाते. मोहिनीशीही तिचे नाते जोडले जाते. गोव्यात हा धागा अधिक ठळक आहे. पोर्तुगीज राजवटीत वेर्णे येथून फोंडा तालुक्यातील म्हार्दोळला हलवलेली म्हाळसा नारायणी ही मोहिनीच मानली जाते. तिच्या चार हातांत त्रिशूळ, तलवार, कापलेले मस्तक आणि पात्र असून गळ्यात जानवे आहे. राहूचे मथन करणारी असेही तिला म्हणतात. नेवाशाला वाढणारी मोहिनी, तर म्हार्दोळला कापलेले शिर धरलेली मोहिनी, अशी एकाच प्रसंगाची दोन टोके या दोन मंदिरांत दिसतात.

भस्मासुराशी तुलना : मराठी मुलखात मोहिनीचा अधिक परिचित प्रतिस्पर्धी भस्मासुर. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवेपर्यंत तो तिच्या नाचामागे वाहवत जातो. भागवतात याच धर्तीची वृकासुराची कथा आहे. पण तेथे विष्णू मोहिनीच्या नव्हे, बटूच्या रूपात येतो. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या मूकपटात कमलाबाई गोखले मोहिनी आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या. भारतीय चित्रपटात स्त्रियांनी भूमिका केल्या त्या याच चित्रपटापासून. भस्मासुर भुलतो आणि राख होतो. राहू भुलत नाही, म्हणूनच उरतो.

शत्रूला भुलवणारी नायिका इंग्रजी अद्भुतकथेतही भेटते. टॉल्किन यांच्या ‘सिल्मरिलियन’ (१९७७) या ग्रंथातील एल्फ राजकन्या लूथिएन अंधाराचा स्वामी मॉर्गोथ याला गाण्याने निजवते आणि त्याच्या मुकुटातले रत्न तिचा प्रियकर काढून घेतो. तिचे नाते भस्मासुराच्या कथेशी जवळचे आहे. शत्रूला आपल्याच हाताने अमर करून ठेवणारी नायिका मात्र तेथेही नाही.

ग्रहण : सूर्य-चंद्रांनी चहाडी केली म्हणून राहू त्यांना गिळतो, हा कथेचा लोकमानसातला शेवट. ग्रहण लागले की ‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी महाराष्ट्राच्या गल्ल्यांतून घुमत असे. हे दान मागण्याचा हक्क परंपरेने मांग समाजाकडे होता. ग्रहणे सावल्यांमुळे होतात, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात सांगितले. ज्योतिर्गणितात राहू आणि केतू हे चंद्राची कक्षा आणि सूर्याचा भासमान मार्ग जेथे एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू होत. ते कायम १८० अंशांवर समोरासमोर असतात आणि सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. राहुरी आणि कायगाव येथे लोकांनी दूर दूर ठेवलेले शिर आणि धड गणितातही एकमेकांना कधी भेटत नाहीत.

गिळलेला सूर्य बाहेर कसा येतो, याचे उत्तरही कथेतच आहे. राहूला पोट नाही. तोंडात घेतलेले कापलेल्या गळ्यातून निसटते. सूर्याला तो गिळू शकतो, कारण मोहिनीने त्याला घोटभर अमृत वाढले. सूर्य सुटतो, कारण ते गळ्याखाली उतरण्याआधीच चक्र फिरले. त्या पंगतीतली दोघांची गाठ प्रत्येक ग्रहणात पुन्हा बसते आणि पुन्हा सुटते.