नाव आणि बिऱ्हाड

एखाद्या वाचनालयाच्या किंवा पतसंस्थेच्या चिटणिसांना ‘आपल्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर आहे?’ असे विचारून पाहावे. बहुधा उत्तर येते, ‘ते सगळे एक ओळखीचा मुलगा पाहतो.’ संस्थेच्या इमारतीचा उतारा जे गृहस्थ कपाटात कुलूपबंद ठेवतात, तेच या बाबतीत अगदी निश्चिंत असतात. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, आणि ते स्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते ती जागा, म्हणजे होस्टिंग, ही एकच वस्तू आहे असा त्यांचा समज असतो. वस्तुतः त्या दोन वस्तू आहेत. किंबहुना त्या दोन व्हाव्यात यासाठीच चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मोठा खटाटोप झाला. तोच इतिहास आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत अर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे होते. त्यातला प्रत्येक संगणक एका अंकाने ओळखला जाई. परंतु अंक माणसाच्या लक्षात राहत नाहीत; म्हणून अंकापुढे नाव लिहिलेली एक यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइन्लर या विदुषी त्या कचेरीच्या प्रमुख होत्या. नवा संगणक जोडला की त्या कचेरीला कळवावयाचे, तिने यादीत एक ओळ घालावयाची, आणि बाकीच्यांनी यादीची नक्कल उतरवून न्यावयाची. एकट्या कुलकर्ण्याने साऱ्या गावचे दप्तर राखावे, तसाच हा प्रकार. गाव लहान होते तोवर ठीक चालले. पुढे संगणक शेकड्यांनी वाढले, आणि नक्कल हाती पडेपर्यंत ती शिळी होऊ लागली.

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी यावर तोड काढली. दप्तराच्या शाखा पाडाव्यात. वरच्या शाखेने ‘या नावाचा तपशील अमक्या ठिकाणी विचारा’ एवढेच सांगावे, आणि खरा पत्ता त्या ठिकाणच्या वहीत असावा. आज डोमेनच्या नोंदीत ‘नेमसर्व्हर’च्या ज्या दोनचार ओळी असतात, त्या म्हणजे हीच सूचना. बिऱ्हाड हलवावयाचे झाले तर त्या ओळी बदलाव्यात. एकदोन दिवसांत सारे टपाल आणि सारे पाहुणे नव्या दारी येऊ लागतात. नाव होते तेच राहते. डॉट कॉम या कुळातले पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले, ते सिम्बॉलिक्स या संगणक बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीचे. तिचा धंदा पुढे बसला, तिची यंत्रे अडगळीत गेली. पण नाव जिवंत राहिले आणि २००९ मध्ये ते दुसऱ्याने विकत घेतले.

दप्तराचे काम १९९३ पासून नेटवर्क सोल्यूशन्स या एकाच कंपनीकडे आले. आरंभी नाव फुकट मिळे. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांचे १०० डॉलर पडू लागले, आणि दुसरे दुकानच नसल्यामुळे ते मुकाट्याने मोजावे लागत. साहजिकच ओरड झाली. १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली, आणि १९९९ मध्ये दप्तर व दुकान यांची फारकत करण्यात आली. मुख्य वही एकाच ठिकाणी, परंतु तीत नोंद करून देणारे रजिस्ट्रार अनेक, अशी ही व्यवस्था. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना हीच. एका रजिस्ट्रारकडून उठून दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक नावाच्या धन्याला तिने दिली.

पण पुढे झाले काय? दुकाने वाढली, भाव पडले, नुसत्या नावात फारसा नफा उरला नाही. नफा होता जागेच्या भाड्यात. तेव्हा पहिल्या वर्षी नाव फुकट देऊन त्याबरोबर जागा गळ्यात घालण्याचा प्रघात पडला. एवढ्या खटाटोपाने जे सोडविले होते, ते एका पावतीने पुन्हा बांधले गेले. यात नेहमीच लबाडी असते असे नाही. एक पावती, एक तारीख, विचारायला एकच माणूस, ही लहान संस्थेची सोय आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पुष्कळदा जागा देणारा ते नाव संस्थेच्या नावावर न चढविता स्वतःच्याच खात्यात नोंदतो. मग भाडे वाढले, सेवा बिघडली, तरी हलता येत नाही. कारण हलायचे तर पाटी मागे ठेवून हलावे लागते. पेशवाईत गावोगाव मिरासदार आणि उपरी असा भेद असे. उपऱ्याने जमीन कितीही कसली तरी वंशपरंपरेचा हक्क त्याला नसे. नावाच्या बाबतीत आपल्या पुष्कळ संस्था आज उपरी आहेत. (अर्थात नावाची मिरासही अगदी निर्वेध नव्हे, डॉट कॉमसारखे नाव एका वेळी फार तर १० वर्षांच्या मुदतीनेच मिळते.)

दप्तर राखणाराच कोलमडला तर काय होते, हे २००७ मध्ये दिसले. अमेरिकेतील रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारच्या मालकांत भांडण जुंपले. लोकांनी मुदतवाढीचे पैसे भरले होते, पण ते मुख्य वहीपर्यंत पोचले नव्हते. नावे गळू लागली. आयकॅनने कंपनीची मान्यता काढून घेतली. नोंदी मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले, आणि अखेर लाखो नावे गोडॅडी या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपविण्यात आली. अशा वेळी ज्याची जागा निराळ्या ठिकाणी असते, त्याचा मजकूर तरी वाचतो. ज्याचे दोन्ही एकाच हाती, त्याने कशाकशाच्या मागे धावावे?

आपल्याकडे डॉट इन नावांचे दप्तर पूर्वी मुंबईत, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे असे. त्या वेळी नियम कडक आणि नावे थोडी. २००५ च्या आरंभापासून निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली रजिस्ट्रारांमार्फत ही नोंदणी सर्वांना खुली झाली, आणि २०१४ मध्ये देवनागरीतील डॉट भारत हेही आले. म्हणजे नाव मिळविणे आता अवघड राहिलेले नाही. सांभाळणे मात्र आहे. मुदत संपत आल्याची सूचना रजिस्ट्रार नोंदीतल्या ईमेलवर पाठवितो, आणि पुष्कळ संस्था तेथे त्याच डोमेनवरचा पत्ता देतात. नाव बंद पडले की ती टपालपेटीही बंद! तेथे पत्ता निराळा हवा. रजिस्ट्रार बदलावयाचा तर जुन्याकडून हस्तांतरणाचा संकेतांक घ्यावा लागतो. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत मागणी केल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा, असा आयकॅनचा नियम आहे. पण ही मागणी करता येते ती नोंदीत धनी म्हणून ज्याचे नाव आहे त्याला. तेथे चिटणिसांच्या संस्थेचे नाव आहे की त्या ओळखीच्या मुलाचे, हे आधी पाहून घ्यावे.