आबांचे बूट

परवा आत्याकडे गेलो होतो. तिने माळ्यावरून एक खोकं काढायला लावलं. आत काळे प्लॅस्टिकचे पावसाळी बूट. चामड्याच्या बुटासारखे दिसावेत म्हणून शिवण, नाडीची भोकं, सगळं साच्यातच ओतलेलं! "आबांचे आहेत. तू जुन्या वस्तूंवर लिहितोस ना, यांच्यावरही लिही," म्हणाली. आबा म्हणजे माझे आजोबा. ते गेले 1970 च्या गणपतीत.

तर अशा बुटाचं वय काढायचं कसं? नुसतं प्लॅस्टिककडे बघून जमत नाही. पीव्हीसी मूळचं कडक. ते मऊ करायची युक्ती 1926 मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांना सापडली, आणि 1946 मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ दोफाँ यांनी अख्खी प्लॅस्टिकची सँडल काढली. हे मऊ करणारं द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं, म्हणून जुना बूट आधी चिकट लागतो, मग ताठरतो. पण आपल्याकडच्या माळ्यावर पंधरा वर्षांचा बूटही पन्नाशीचा दिसू लागतो. एक सोपी परीक्षा म्हणजे बादलीत टाकणं. पीव्हीसी बुडतं, हल्लीचे फोमचे क्लॉग तरंगतात. आमचा बुडाला. (आत्या ओरडली, ते वेगळं.)

मग खोक्याकडे वळलो. खोकं भलत्याच बुटाचंही असू शकतं, म्हणून तळव्यावरचा नंबर ताडून पाहिला. तोच होता. पत्त्यात 'बॉम्बे', म्हणजे बहुधा 1995 च्या आधीचं. इथवर आत्या खूश. पण बॉम्बेपुढे 400 ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड! पिनकोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. त्याआधी नुसतं 'बॉम्बे 12' वगैरे लिहायचे.

बुटांच्या चवड्यांत वर्तमानपत्राचे बोळे होते. तारखेचा कोपरा फाटलेला, पण बातमी गिरणी संपाच्या सहाव्या महिन्याची. संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, म्हणजे हा कागद त्या जून-जुलैचा. रद्दी वर्षभर घरात पडून राहते हे खरं, पण आमच्या घरात तेव्हा बाबा संपावर होते आणि रद्दी महिनाअखेरीला विकली जायची. तेव्हा बूट 1972 नंतरचे, आणि 82 च्या पावसात वापरात असलेले.

आत्याला हे सांगावं की नाही, यावर मी चहा संपेपर्यंत विचार केला. शेवटी सांगितलं.

ती काही बोलली नाही. बूट उलटा करून टाचेजवळच्या ओबडधोबड सांध्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "हे दादाने सुरी तापवून चिकटवलं होतं. घरभर वास. संपात नवे कुठले घेणार? आई त्या सुरीने परत भाजी चिरेना."

म्हणजे बूट बाबांचे. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा.

"मग आबांचं माझ्याकडे काय राहिलं रे?" तिने विचारलं.

मला उत्तर सुचलं नाही. खोक्यावर तिच्या अक्षरात 'आबा' लिहिलेलं होतं. ते तसंच ठेवून मी खोकं परत माळ्यावर चढवलं.