हिमनद्यांच्या दर्शनास निघालेली आगबोट

उत्तर अमेरिकेच्या अगदीं वायव्य टोकाला अलास्का नांवाचा जो विस्तीर्ण प्रदेश आहे, तो १८६७ सालीं अमेरिकन संयुक्त संस्थानांनीं रशियाच्या झारकडून ७२ लक्ष डॉलरांस विकत घेतला. बर्फाच्या राशीवर एवढी रक्कम कशाला उधळावयाची, असें त्या वेळीं पुष्कळांनीं हिणवून विचारलें. पुढें पंधरा-वीस वर्षांतच त्या बर्फाचें नुसतें दर्शन घेण्यासाठीं माणसें पदरचा पैसा खर्चून तिकडे जाऊं लागलीं, आणि आज तर उन्हाळा आला कीं तरंगत्या राजवाड्यांसारखीं जहाजें त्या किनाऱ्यावर येतात. त्यांतील 'ग्लेशर बे' या उपसागरांत दिवसाकाठीं मोठीं जहाजें दोनच सोडावीं असा सरकारी निर्बंध आहे. ही सफर आज कोणालाही करतां येते. परंतु तिची आंखणी प्रथम मोठ्या प्रमाणावर कशी झाली, कोणी केली, आणि तिच्यांतून काय निष्पन्न झालें, ही हकीकत मनोरंजक असून थोडी विचारांत पाडणारीही आहे.

ज्या उपसागराचा वर उल्लेख केला, तो १७९४ सालीं जवळजवळ अस्तित्वांतच नव्हता. त्या वर्षीं कप्तान व्हँकूव्हर या इंग्रज दर्यावर्द्याचीं माणसें लहान होड्यांतून त्या किनाऱ्याची पाहणी करीत होतीं. त्यांना तेथें बर्फाची एक उंच भिंत दिसली आणि तिच्यापुढें चार-पांच मैलांची खोबण. तेथील ट्लिंगिट लोकांच्या परंपरागत कथा मात्र असें सांगतात कीं, आज जेथें पाणी आहे तेथें पूर्वी त्यांचीं घरें होतीं, आणि चालून येणाऱ्या बर्फानें त्यांना तेथून हुसकून लावलें. शास्त्रज्ञांचें संशोधनही या कथेस अनुकूल आहे. व्हँकूव्हरच्या नंतर तो बर्फ मागें हटूं लागला. १८७९ च्या ऑक्टोबरांत जॉन म्यूर हा स्कॉटलंडांत जन्मलेला निसर्गवेडा मनुष्य यंग नांवाच्या एका मिशनऱ्यास बरोबर घेऊन, ट्लिंगिट नावाड्यांच्या होडींतून तेथें पोंचला, तेव्हां भिंतीच्या जागीं चाळीस मैलांहून अधिक लांबीचें आखात पसरलेलें होतें. थंडी व पाऊस यांमुळें नावाडी कुरकुरत होते. असल्या दिवसांत बर्फाच्या तोंडीं जाणारा मनुष्य शहाणा कसा म्हणावा, हा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदींच गैरवाजवी नव्हता.

चार वर्षांनीं, १८८३ सालीं, कॅरोल नांवाच्या कप्तानानें 'आयडाहो' ही आगबोट प्रवाशांसह त्या आखातांत घातली. उतारूंमध्यें एलायझा सिडमोर नांवाची एक लेखिका होती. तिनें त्या सफरीवर लिहिलेलें पुस्तक १८८५ सालीं प्रसिद्ध झालें आणि सुखवस्तु अमेरिकन कुटुंबांत अलास्काची हवा पसरली. ही बाई पुढें आपल्याकडेही येऊन गेली. तिनें हिंदुस्थानच्या हिवाळ्यांतील प्रवासावर लिहिलेलें पुस्तक १९०३ सालचें आहे. तिच्या मागोमाग दर उन्हाळ्यांत आगबोटी निघूं लागल्या. उतारू किनाऱ्यावर उतरत, हिमनदीवर चार पावलें चालत, छायाचित्रें काढीत आणि भोजनाच्या घंटेस परत येत.

आतां मुख्य कथेकडे वळूं. एडवर्ड हॅरिमन हा रेल्वेच्या धंद्यांतील धनाढ्य मनुष्य. १८९९ च्या आरंभीं डॉक्टरांनीं त्याला विश्रांति घेण्यास सांगितलें. असल्या माणसाला विश्रांति म्हणजे काय तें ठाऊक नसतें. त्यानें बेत केला तो असा: एक आख्खी आगबोट घ्यावी, बायकामुलांसह अलास्कास जावें, हिमनद्या पाहाव्या आणि कोडियाक बेटावरील प्रचंड अस्वल स्वतःच्या हातानें मारावें. त्या बेटावरील अस्वल जगांतील सर्वांत मोठ्या अस्वलांपैकीं गणलें जातें. परंतु एवढी मोठी बोट नुसत्या कुटुंबासाठीं नेण्यांत त्याला अपव्यय वाटला. म्हणून मार्च महिन्यांत तो वॉशिंग्टन येथें सरकारी जीवशास्त्र-खात्याचे प्रमुख डॉ. मेरियम यांच्या कचेरींत येऊन थडकला आणि म्हणाला कीं, प्रत्येक शास्त्रांतील दोन-दोन नामांकित विद्वान निवडून द्या, खर्च सगळा माझा. मेरियमसाहेबांनीं त्याचें नांवही ऐकलें नव्हतें. हा कोणी लहरी गृहस्थ तर नव्हे, अशी शंका येऊन त्यांनीं आधीं चौकशी केली, व मनुष्य खरोखरीच तोलामोलाचा आहे अशी खात्री पटल्यावर कामास हात घातला.

दोन महिन्यांत जी तयारी झाली ती वाचून एखाद्या संस्थानिकाच्या स्वारीची आठवण व्हावी. 'जॉर्ज डब्ल्यू. एल्डर' ही १८७४ सालीं बांधलेली लोखंडी आगबोट नव्यानें सजविण्यांत आली. तिच्यावर ग्रंथालय होतें, बाजा होता, ध्वनिलेखनाचें यंत्र होतें, किनाऱ्यावर जाण्यासाठीं वाफेच्या लहान होड्या होत्या, तंबू होते, सामान वाहण्यास घोडे होते. ताज्या मांसासाठीं गुरें, मेंढ्या, कोंबड्या व टर्की बरोबर घेतल्या, आणि मुलांच्या दुधासाठीं एक दुभती गाय. डॉक्टर, धर्मोपदेशक, लघुलेखक, मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारे कारागीर, शिकारी, हमाल अशी सारी मिळून १२६ माणसें झालीं. विद्वानांत म्यूर होता, पक्ष्यांविषयीं लिहिणारा वृद्ध जॉन बरोज होता, भूस्तरशास्त्रज्ञ गिल्बर्ट, नकाशांचा जाणकार गॅनेट, वन्य प्राण्यांचा कैवारी ग्रिनेल, पक्ष्यांचा चित्रकार फुएर्टेस आणि सिएटलचा छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस होता. हॅरिमनचा सात वर्षांचा मुलगा ॲव्हरेल हाही होता. याच ॲव्हरेलनें पुढें १९६२ च्या नोव्हेंबरांत, चीनच्या आक्रमणाच्या वेळीं, अमेरिकन शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून दिल्लीस येऊन पंडित नेहरूंची भेट घेतली.

२३ मे रोजीं न्यूयॉर्कहून खास आगगाडी सुटली आणि ३१ मे रोजीं सिएटलहून बोटीनें नांगर उचलला. मार्ग ठरविण्यासाठीं विद्वानांची समिती नेमली होती. अर्थात् शेवटचा शब्द बोटीच्या यजमानाचाच असे. रात्रीं दिवाणखान्यांत कोणी हिमनद्यांवर, कोणी शेवाळावर, कोणी पक्ष्यांवर व्याख्यान देई. बोट मात्र इतकी हेलकावे खाई कीं, थट्टेखोरांनीं तिचें नांवच बदलून 'डोलणारा जॉर्ज' अशा अर्थाचें ठेवलें. बिचाऱ्या बरोजला समुद्र मानवेना. बेरिंगच्या समुद्रांत शिरण्यापूर्वी उनालास्का बेटाजवळच्या बंदरांत तो गुपचूप आपली पिशवी घेऊन उतरत असतां म्यूरनें त्याला गांठलें व परत बोटीवर चढविलें. दोघांनीं साठी ओलांडलेली होती, पण भांडणाची हौस शाळकरी पोरांची.

ग्लेशर बे येथें जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत मुक्काम पडला. म्यूरनें पूर्वी एका दरींत लांडग्यांचे आवाज ऐकले होते व तिला तसें नांवही दिलें होतें. त्या वर्णनावर विसंबून हॅरिमन व त्याचे सोबती अस्वलाच्या आशेनें बर्फांतून मैलोगणती चालत गेले. दोरखंडानें एकमेकांस बांधून घेऊन, मांडीइतक्या बर्फांत रुतत, दमून भागून ते परत आले. एकही अस्वल दिसलें नाहीं. तिकडे कर्टिस हिमनदीच्या तोंडाशीं होडी घेऊन छायाचित्रें काढीत असतां बर्फाचा एक प्रचंड कडा पाण्यांत कोसळला आणि उठलेल्या लाटेनें त्याची होडी बुडतां बुडतां वांचली. बर्फाची ही भिंत दुरून पाहणेंच बरें, असें म्यूर नेहमीं बजावी. त्याच वर्षीं १० सप्टेंबरला याकुटाट उपसागराच्या परिसरांत मोठा भूकंप झाला. म्यूर हिमनदीचें तोंड खिळखिळें होऊन उपसागर तुकड्यांनीं असा भरून गेला कीं पुढें कित्येक वर्षें प्रवासी बोटींना तिच्याजवळ जातां येईना. हॅरिमनचा मुक्काम तीन महिने आधीं झाला, एवढेंच.

पुढें प्रिन्स विल्यम साउंड येथें एक प्रसंग घडला. नकाशाप्रमाणें बॅरी हिमनदीशीं पाणी संपत होतें. जवळ गेल्यावर हिमनदी व डोंगर यांच्यामध्यें एक अरुंद फट दिसली. वाटाड्या पुढें जाण्यास कचरला. खालचे खडक कोणालाच माहीत नव्हते. हॅरिमननें बोट पुढें घालण्याचा हुकूम दिला. आंत बारा-एक मैलांची, हिमनद्यांनीं वेढलेली, कोणत्याही नकाशांत नसलेली खाडी निघाली. बोटीच्या पंख्याचें एक पातें त्यांत गेलें, पण खाडीला हॅरिमनचें नांव मिळालें. शेजारच्या आखातांतील हिमनद्यांना विद्वानांनीं आपापल्या कॉलेजांचीं नांवें देऊन टाकलीं: हार्वर्ड, येल, स्मिथ, व्हासर वगैरे. आतां बॅरी हिमनदी पुष्कळ मागें हटली असून तिचा आधार सुटलेली डोंगराची बाजू खचूं लागली आहे, आणि ती एकदम कोसळल्यास मोठी लाट उठेल असा इशारा शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं दिला.

कोडियाक बेटावर ३ जुलै रोजीं हॅरिमनची इच्छा पुरी झाली. मारलेली अस्वलीण अपेक्षेच्या मानानें लहान होती, आणि तिच्याबरोबर तिचें पिल्लूही मारलें गेलें. बोटीवर आनंदोत्सव झाला. म्यूरला तो प्रकार मुळींच आवडला नाहीं. पुढें प्रिबिलोफ बेटांवर सीलांच्या वसाहती पाहिल्या तेव्हां मेरियमची निराशा झाली. आठ वर्षांपूर्वी तेथें जे कळप त्यानें पाहिले होते, त्यांच्या मानानें ते फारच ओसरले होते. भर समुद्रांत सीलांची बेसुमार कत्तल चालू होती. अमेरिका, ब्रिटन, जपान व रशिया यांनीं १९११ सालीं करार करून ती थांबविली, आणि त्याच करारानें समुद्रांतील पाणमांजरांनाही अभय मिळालें. पाणमांजराच्या कातड्यासाठींच रशियन व्यापारी प्रथम त्या किनाऱ्यावर आले होते. ग्रिनेलनें सामन माशांच्या कारखान्यांवर जे लिहिलें तेंही असेंच कडक होतें: असाच उपसा चालला तर नद्या रिकाम्या होतील, असें त्यानें स्पष्ट बजावलें.

परतीच्या वाटेवर, २६ जुलै रोजीं, बोट केप फॉक्स येथील ट्लिंगिट गांवाशीं थांबली. गांवांत चिटपाखरूं नव्हतें. घरांपुढें कोरीव लांकडी खांब उभे होते. प्रत्येक खांब म्हणजे त्या त्या कुळाची वंशावळ व मानचिन्ह. मंडळींनीं ठरविलें कीं गांव सोडून दिलेलें आहे, तेव्हां या वस्तु संग्रहालयांत जाव्या हेंच बरें. खलाशांनीं खांब उतरविले, दोरांनीं ओढले आणि बोटीवर चढविले. वास्तविक गांवकरी नामशेष झाले नव्हते. ते थोड्याच वर्षांपूर्वी जवळच्या सॅक्समन गांवीं राहावयास गेले होते. त्यांना कोणीं विचारलें नाहीं. असल्या प्रकाराचा निवाडा म्यूरनें वीस वर्षांपूर्वीच ऐकला होता. १८७९ सालच्या एका सफरींत कोणा सोबत्यानें असाच एक कोरीव खांब तोडला, तेव्हां ज्या कुळाचा तो होता त्यांतील कदाचान या ट्लिंगिट पुरुषानें विचारलें होतें कीं, आम्ही तुमच्या स्मशानांत शिरून तुमच्या वाडवडिलांचे दगड उचलून नेले तर तुम्हांला कसें वाटेल? त्यावर सोबत्यांना माफी मागावी लागली. केप फॉक्स येथें असा प्रश्न विचारण्यास कोणी हजर नव्हतें.

३० जुलै रोजीं, सुमारे नऊ हजार मैलांचा प्रवास करून, बोट सिएटलला परतली. पुढें कित्येक वर्षें विद्वानांचे जाडे खंड निघत राहिले. त्यांतच गॅनेटनें एक गंमतीचा सल्ला दिला आहे: वृद्धांनीं अलास्कास अवश्य जावें, तरुणांनीं मात्र सबुरी करावी, कारण हें दृश्य आधीं पाहिलें तर नंतरचें कांहींच डोळ्यांत भरणार नाहीं. हॅरिमन व म्यूर यांची मैत्री टिकली. योसेमिटी दरी राष्ट्रीय उद्यानांत सामील व्हावी या म्यूरच्या खटपटीस १९०५ सालीं त्याच धनिकानें आपलें वजन खर्ची घातलें. ग्लेशर बे १९२५ सालीं संरक्षित झाला व १९८० सालीं राष्ट्रीय उद्यान बनला.

खांबांची गोष्ट मात्र एकशें दोन वर्षें अपुरी राहिली. शिकागोचें फील्ड संग्रहालय, हार्वर्डचें पीबॉडी संग्रहालय आणि इतर ठिकाणीं ते उभे होते. २००१ च्या जुलैंत हॅरिमनच्याच मार्गानें एक नवी बोट निघाली, आणि त्या प्रसंगीं संग्रहालयांनीं ते खांब व इतर वस्तु केप फॉक्सच्या वंशजांना परत केल्या. किनाऱ्यावर म्हातारीं माणसें परंपरागत पोषाख करून उभीं होतीं. आपल्या आजा-पणज्यांनीं कोरून घेतलेल्या आकृति त्यांतील बहुतेकांनीं त्या दिवशीं प्रथमच पाहिल्या.